रबर, आटे आणि वंगण: घरातील व सायकलची किरकोळ दुरुस्ती

घरातला ठिबकणारा नळ आणि दररोज रात्रीतून बसणारी सायकलची ट्यूब यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. पण दोन्ही ठिकाणी बहुतेक वेळा दोष जुन्या, कडक झालेल्या रबराचा असतो. लोंबलेले दार आणि डुगडुगणारे पेडल यांचेही असेच आहे, तेथे आटे सैल झालेले असतात किंवा गेलेले असतात. करकरणारी बिजागरी आणि कुरकुरणारी चेन यांना वंगण हवे असते, मात्र कोणते आणि किती हे कळले नाही तर तेच वंगण पुढे त्रासाचे ठरते. रबर, आटे आणि घासणारे पृष्ठभाग यांची समज आली की घरातील व सायकलची पुष्कळशी किरकोळ कामे एकाच हाताला वळण लावून करता येतात, म्हणून या लेखात ती वेगळी न मांडता एकत्र घेतली आहेत.

हत्यारे आणि कामाची तयारी

फार मोठा संच लागत नाही. ८, १० आणि १५ मिलिमीटरचे पाने, एक ॲडजस्टेबल पाना, ४, ५ व ६ मिलिमीटरच्या ॲलन की, एक पक्कड, टायर काढण्याचे तीन प्लॅस्टिकचे लिव्हर, दाब दाखवणारा पंप, पॉलिश पेपर, पंक्चरचे साहित्य, टेफ्लॉन टेप, चेनचे तेल, ग्रीसची लहान डबी आणि जुन्या सुती कापडाचे तुकडे एवढ्यावर येथील जवळजवळ सर्व कामे होतात. स्क्रू ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. फुलीच्या स्क्रूंसाठी टोकांचे १, २, ३ असे क्रमांक असतात आणि घरातल्या बहुसंख्य स्क्रूंना २ क्रमांकाचे टोक लागते. लहान टोकाने मोठा स्क्रू फिरवला की त्याची खाच गुळगुळीत होते आणि पाच मिनिटांचे काम अर्ध्या दिवसाचे होऊन बसते.

काहीही उघडण्यापूर्वी जोडणीचे छायाचित्र घ्यावे आणि सुटे होणारे भाग कापडावर निघाले त्याच क्रमाने एका ओळीत मांडावेत, कारण जोडताना तीच ओळ उलट दिशेने वापरायची असते. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण पाते, चकती आणि स्प्रिंग यांचा क्रम विसरल्यावर होणाऱ्या कंटाळ्यापेक्षा ती बरी.

पंक्चर: आधी कारण शोधावे

टायर खोलण्यापूर्वी वॉल्व्ह तपासावा. हवा भरून वॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि त्यावर बुडबुडा फुगू लागला, तर दोष ट्यूबचा नसून वॉल्व्हचा आहे. साध्या सायकलींना असणाऱ्या, नट सोडवून उपसता येणाऱ्या वॉल्व्हवर बारीक रबरी नळी चढवलेली असते; ती चिरली किंवा चिकट झाली की हवा हळूहळू निघून जाते. ती नळी बदलणे हे एका मिनिटाचे काम आहे, आणि ते न पाहता कित्येक जण चांगली ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवत बसतात.

वॉल्व्ह ठीक असेल तर टायर उतरवावा लागतो. नुसते छिद्र बुजवायचे असल्यास चाक सायकलवरून काढण्याचीही गरज नसते. ट्यूबमधली सगळी हवा काढावी आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी टायरची कड चाकभर दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवावी. रिमच्या मध्याचा घेर कडेच्या घेरापेक्षा लहान असल्याने कड तेथे उतरली की टायरला सैलपणा मिळतो आणि लिव्हर जवळजवळ जोर न लावता बसतो. पहिला लिव्हर वॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला लावावा, दुसरा त्याच्यापासून सुमारे १० सेंटिमीटरवर, आणि मग तिसरा सरकवत न्यावा. स्क्रू ड्रायव्हर येथे वापरू नये, कारण त्याच्या धारेने एका पंक्चरची दोन होतात. टायरची एकच बाजू उतरवून ट्यूब ओढून घ्यावी. मात्र ती टायरमध्ये कोणत्या बाजूने बसली होती हे लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा तपास त्यावर अवलंबून असतो.

ट्यूब तिच्या नेहमीच्या जाडीच्या दुप्पट होईल इतकी फुगवावी आणि गालाजवळून हळूहळू फिरवावी. गालाच्या त्वचेला हवेची बारीक धारही जाणवते. तरीही छिद्र सापडले नाही तर मगच पाण्यात बुडवावी. सापडलेल्या छिद्राभोवती पेनने पॅचपेक्षा मोठी फुली काढावी, म्हणजे घासताना व सोल्यूशन लावताना मधली खूण पुसली गेली तरी तिची टोके शिल्लक राहतात.

आता छिद्राचे रूप पाहावे. टायरच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर काटा, काच किंवा तारेचा तुकडा टायरमध्ये अजून अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. वॉल्व्हपासूनचे अंतर ट्यूबवर मोजून तेवढ्याच अंतरावर टायर तपासावा, आणि आतून बोटाऐवजी कापड फिरवावे. कापड अडकते तेथे काटा असतो आणि बोट वाचते. शेजारी शेजारी दोन लहान चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली गेली आहे, म्हणजे दुरुस्ती पॅचची आणि सुधारणा हवेच्या दाबाची. छिद्र आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर स्पोकचे टोक वर आले आहे किंवा त्यावरची रिमपट्टी सरकली आहे. पट्टी नीट न बसवता लावलेला पॅच दोन दिवसही टिकत नाही. वॉल्व्हच्या मुळाशीच ट्यूब फाटली असेल तर तेथे पॅच बसत नाही, ट्यूब बदलावी.

पॅच लावताना घाई हाच मुख्य शत्रू आहे. छिद्राभोवतीचा भाग पॅचपेक्षा थोडा मोठा असा पॉलिश पेपरने घासावा, इतका की रबराची चकाकी जाईल आणि साच्याची उभी रेघ तेथून जात असेल तर ती सपाट होईल. घासलेल्या जागेला पुन्हा बोट लावू नये. सोल्यूशनचा पातळ, एकसारखा थर द्यावा आणि सुमारे ५ मिनिटे थांबावे. ओल्या सोल्यूशनवर पॅच चिकटवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे: त्यातला द्रावक उडून गेला नाही तर तो पॅचखाली अडकतो आणि पकड बसतच नाही. थराची ओलसर चमक गेली आणि कडेला बोट लावल्यावर तो चिकट पण कोरडा वाटला की पॅच ठेवून मध्यातून बाहेरच्या दिशेने जोराने दाबावा. पॅचवरचा पातळ कागद मध्यातून फाडून कडेकडे सोलावा, कडेकडून ओढल्यास पॅचची कडच उचलली जाते. उरलेल्या चिकट भागावर खडूची पूड चोळावी, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही.

परत बसवताना ट्यूबमध्ये ती गोल राहील एवढीच हवा भरावी. आधी वॉल्व्ह रिमच्या भोकात घालावा, मग ट्यूब आत सारावी आणि टायरची कड वॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करून दोन्ही हातांनी वॉल्व्हपाशी आणून संपवावी. शेवटचा घट्ट भाग शक्यतो अंगठ्यांनीच चढवावा. नंतर वॉल्व्ह एकदा आत ढकलून पुन्हा बाहेर ओढावा, कारण त्याच्या मुळाशी ट्यूब कडेखाली सापडलेली असू शकते. अर्धी हवा भरून टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून पाहावे आणि मगच पूर्ण हवा भरावी.

किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेले असते, कुठे पीएसआयमध्ये तर कुठे बारमध्ये. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. बहुतेक सायकलींवर स्वाराचे वजन मागे जास्त पडते, म्हणून छापलेल्या मर्यादेत राहून मागच्या चाकात थोडी अधिक हवा ठेवावी.

टायर बदलण्याची वेळ आली तर केवळ '२६ इंची' एवढ्यावर विसंबू नये. २६ × १ ३/८ असे लिहिलेला टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर २६ × १.९५ असे दशांशात लिहिलेला ५५९ मिलिमीटरच्या. दोघेही स्वतःला २६ इंचीच म्हणवतात आणि एकमेकांच्या जागी कधीच बसत नाहीत. म्हणून टायरवरचा ३७-५९० अशा रूपातला आकडा वाचावा. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर तो बसतो तेथील व्यास सांगतो, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

ब्रेकचे रबर

रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या रबरावर खाचा असतात. त्या झिजून नाहीशा झाल्या की रबर बदलावे. खाचा असूनही ब्रेक किंचाळत असेल किंवा पकडत नसेल तर रबराच्या तोंडावर चकाकी आलेली असते, अथवा त्यात धातूचे कण रुतलेले असतात. कण टाचणीने उकरून काढावेत, तोंड पॉलिश पेपरवर घासावे आणि रिम स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसावी. रबर पूर्णपणे रिमच्या पट्ट्यावर बसले पाहिजे: वर सरकले तर ते टायर कापते, खाली सरकले तर ब्रेक दाबताना रिमखाली घसरून स्पोकमध्ये जाण्याचा धोका असतो. रबराचे पुढचे टोक रिमला आधी टेकेल आणि मागच्या टोकाशी सुमारे १ मिलिमीटर फट राहील असा किंचित तिरपेपणा ठेवला की किंचाळणे बहुधा थांबते. घट्ट करताना मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी ठेवली तर हा तिरपेपणा आपोआप साधतो.

ब्रेक सैल वाटत असल्यास केबलच्या टोकाशी असलेला हाताने फिरणारा गोल नट बाहेरच्या दिशेने फिरवावा. तो संपेपर्यंत फिरवूनही पुरत नसेल तर परत आत घ्यावा, केबल धरणारा नट सैल करून केबल पक्कडीने ओढावी आणि पुन्हा आवळावी. काम झाल्यावर लिव्हर पूर्ण जोराने आठ-दहा वेळा दाबावा. केबल निसटणार असेल तर ती रस्त्यावर निसटण्यापेक्षा येथेच निसटावी. केबलची एखादी तार जरी तुटून फुटलेली दिसली तरी ती केबल बदलावीच.

ठिबकणारा नळ

नळाचे पाणी कुठून येते ते आधी पाहावे. तोंडातून थेंब पडत असतील तर वायसर किंवा वायसर जिच्यावर टेकतो ती बैठक खराब आहे. चावीच्या दांड्याभोवतून पाणी झिरपत असेल तर तेथील पॅकिंग किंवा रबरी कडे गेले आहे. गळती किती आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर नळाखाली मापाचा पेला ठेवावा. १० मिनिटांत १०० मिलिलिटर जमले तर दिवसाला १४.४ लिटर पाणी वाया जाते, आणि डोळ्यांना ती गळती तशी किरकोळच दिसते.

कित्येक फेरे फिरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळात रबरी वायसर असतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात बहुधा सिरॅमिकच्या चकत्या असतात आणि तेथे आतले संपूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते. जुने कार्ट्रिज हातात घेऊन, त्याची उंची आणि वरच्या दात्यांची संख्या जुळवूनच नवे आणावे. पुढची कृती वायसरच्या नळासाठी आहे.

नळाकडे येणारे पाणी बंद करावे आणि नळ उघडून नळीतले उरलेले पाणी जाऊ द्यावे. बेसिनच्या जाळीवर कापड अंथरावे, नाही तर पडलेला पहिला स्क्रू तेथूनच जातो. चावीवरची टोपी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचलून आतला स्क्रू काढावा आणि चावी वर उपसावी. आता खाली षटकोनी भाग दिसतो. तो सोडवताना नळाचे शरीर दुसऱ्या हाताने, कापड गुंडाळलेल्या पक्कडीने किंवा दुसऱ्या पान्याने धरून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण तसे न केल्यास सगळा जोर भिंतीतल्या पाइपवर येतो आणि वायसर बदलायला गेलेला माणूस भिंत फोडायला लावतो. षटकोनी भाग काढताना आणि बसवताना नळ अर्धा उघडा ठेवावा, म्हणजे वायसर बैठकीवर दाबला जाऊन अडत नाही.

बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकाला वायसर असतो. त्यावर गोल खोल चरा पडलेला असेल तर तो बदलावा. नवा हाताशी नसेल तर तोच उलटा करून बसवला तरी काही दिवस निघतात. यानंतर बहुतेक जण थेट जोडणीला लागतात, मीही तसेच करत असे, आणि एकाच नळाचे तीन वायसर बदलल्यावर चौथ्या वेळी विजेरी लावून आत पाहिले तेव्हा बैठकीच्या पितळी कडेवर एक लहानसा खळगा दिसला. बैठक खडबडीत असेल तर नवा वायसर त्या खळग्यावर कापला जातो. म्हणून बोट फिरवून बैठक तपासावी. खडबडीत लागल्यास ती घासून सपाट करण्याचे हत्यार मिळते, आणि बैठक फारच खाल्ली गेली असेल तर नळच बदलावा. जोडणी झाल्यावर पाणी सावकाश सुरू करावे. नळ बंद करताना मूठ आवळून पिळण्याची घरातली सवय मोडली नाही तर हा वायसरही लवकर जाईल.

फ्लशच्या टाकीतली गळती याच जातीची असते, पण ती आवाज करत नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा आणि २० मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर तळाची रबरी झडप धरत नाही. रंग उतरला नाही, पण पाणी सतत भरत असेल तर तरंगता फुगा खाली करावा, पाण्याची पातळी उभ्या नळीच्या तोंडापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर खाली राहील इतका.

आटे: सुरुवात बोटांनी, शेवट पान्याने

आटे जातात ते बहुधा पहिल्या फेऱ्यातच. नट किंवा स्क्रू तिरपा बसला आणि त्यावर लगेच पाना चालवला की कठीण धातू मऊ धातूचे आटे कापत जातो. त्यावरचा उपाय साधा आहे. भाग जागेवर टेकवून आधी उलट दिशेने हळूहळू फिरवावा. आट्यांची तोंडे समोरासमोर आली की एक बारीकसा 'टक' जाणवतो, आणि तेथून सुलट फिरवायला सुरुवात करावी. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्यावेत. लाकडात किंवा प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पुन्हा बसवतानाही हाच 'टक' शोधला तर जुने आटे वापरले जातात, नवे खोदले जात नाहीत.

सायकलच्या पेडलला हे विशेष लागू आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, कारण ते सुलटे असते तर चालवताना येणाऱ्या दाबाने पेडल हळूहळू सुटत गेले असते. दिशा पाठ करण्याची गरज नाही: कोणत्याही बाजूचे पेडल असो, १५ मिलिमीटरच्या पान्याचे वर असलेले टोक सायकलच्या पुढच्या बाजूला फिरवले की पेडल आवळते आणि मागे फिरवले की सुटते. बसवण्यापूर्वी आट्यांना ग्रीस लावावे, आणि सोडवताना चेन पुढच्या मोठ्या दातेरी चक्रावर असू द्यावी. पाना अचानक सुटला तर बोटे दात्यांवर आपटत नाहीत.

नळाच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळताना टेप आवळण्याच्या दिशेनेच फिरवावी, उलट गुंडाळलेली टेप जोडताना सोलली जाते. पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे सुरुवात तिरपी होत नाही आणि टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. ज्या जोडात पाणी अडवण्याचे काम सपाट रबरी वायसर करतो तेथे टेपचा उपयोग नाही.

लोंबलेले दार

दार चौकटीला घासू लागले की रंधा हाती घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. लाकूड दमट हवेत आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते; फुगलेल्या दिवसांत रंधलेल्या दाराला पुढे फट पडते आणि ती फट भरून निघत नाही. शिवाय दार घासण्याचे कारण पुष्कळदा बिजागरीचे सैल स्क्रू हेच असते. दार कडीच्या बाजूने वरच्या कोपऱ्यात किंवा खाली जमिनीला घासत असेल आणि वरच्या बिजागरीशी चौकटीपासून फट दिसत असेल, तर दोष वरच्या बिजागरीचा आहे. नक्की कुठे घासते ते कळण्यासाठी दाराच्या कडेला खडू फासून दार दोन-तीनदा बंद करावे. जेथला खडू पुसला जातो ती जागा.

दाराखाली पाचर सारून त्याचे वजन उचलून धरावे आणि एका वेळी एकाच बिजागरीचे स्क्रू काढावेत. मोठी झालेली भोके लाकडाचा गोंद लावलेल्या बारीक काड्यांनी ठासून भरावीत, गोंद रात्रभर वाळू द्यावा, बाहेर आलेली टोके पटाशीने कापावीत आणि स्क्रूच्या दांड्यापेक्षा बारीक असे मार्गदर्शक छिद्र पाडून स्क्रू पुन्हा बसवावा. भोकात कागद कोंबून वरून स्क्रू दाबण्याची पद्धत सर्रास दिसते. ती महिनाभरासाठी ठीक आहे.

भिंतीत स्क्रू बसवणे

फ्रेम किंवा फळी सैल होते याचे कारण बहुधा गट्टू, म्हणजे स्क्रूला पकड देण्यासाठी छिद्रात बसवलेली नळी, नुसत्या गिलाव्यात अडकलेला असतो. गिलाव्याचा थर दीड-दोन सेंटिमीटरचा असू शकतो, आणि पकड त्याच्या मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये असते. ६ मिलिमीटरच्या गट्टूला ६ मिलिमीटरचेच ड्रिल घ्यावे, छिद्र गट्टूच्या लांबीपेक्षा ५ ते १० मिलिमीटर खोल पाडावे, त्यासाठी ड्रिलच्या पात्यावर टेपची खूण करावी आणि आतली धूळ फुंकून किंवा ब्रशने काढावी; धुळीत बसवलेला गट्टू स्क्रूबरोबर फिरत राहतो. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय ड्रिल चालवू नये. विजेच्या तारा साधारणपणे बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत गेलेल्या असतात, त्यामुळे त्या रेषांत छिद्र पाडणे टाळावे. आणि विजेच्या बोर्डाच्या आतले काम या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे ते जाणूनबुजून: चुकलेला वायसर पाणी सांडतो, चुकलेली तार दुसरी संधी देत नाही.

वंगण आणि झीज

डब्ल्यूडी-४० या नावाचा अर्थ पाणी दूर सारणारे चाळीसावे मिश्रण असा आहे, आणि त्यातच त्याचे काम सांगितले आहे. गंजलेला नट सैल करायला तो स्प्रे उत्तम. फवारून किमान १५ मिनिटे थांबावे, नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा आणि मग सोडवावा. पण तो पातळ असल्याने बिजागरीत किंवा चेनवर टिकत नाही. करकरणाऱ्या बिजागरीची खीळ खालून ठोकून वर उपसावी, तिच्यावरची काळी घाण पुसावी, पातळसा ग्रीसचा हात द्यावा आणि परत घालावी. कुलपात मात्र तेल किंवा ग्रीस दोन्ही नको, कारण त्यांवर धूळ बसून पिना अडतात. तेथे ग्रॅफाइटची पूड चालते.

चेनला तेल घालण्यापूर्वी ती पुसून घ्यावी, कारण मळक्या चेनवर घातलेले तेल वाळूचे कण पिनांपर्यंत वाहून नेते. पेडल उलटे फिरवत चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडावा, काही मिनिटे मुरू द्यावा आणि मग बाहेरचे तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे. हे शेवटचे पुसणे लोकांना पटत नाही, पण तेलाची गरज आतल्या पिनांना असते, बाहेरचे तेल फक्त धूळ गोळा करते.

चेन लांबली असे आपण म्हणतो तेव्हा पोलाद ताणले गेलेले नसते. प्रत्येक पिन आणि तिच्या भोवतालचे छिद्र थोडे थोडे झिजते आणि ती झीज सगळ्या दुव्यांत मिळून लांबी म्हणून दिसते. दोन शेजारच्या पिनांतले अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते. त्यामुळे नव्या चेनचे २४ दुवे पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत ३०४.८ मिलिमीटर भरतात. चेन ताणून धरून मोजावे. हेच अंतर ३०६.३ मिलिमीटरच्या आसपास गेले, म्हणजे अर्धा टक्का वाढले, तर गिअरच्या सायकलची चेन बदलावी. ते ३०७.८ पर्यंत जाऊ दिले तर दातेरी चक्रेही त्या झिजलेल्या चेनच्या मापाने झिजलेली असतात आणि नवी चेन त्यांवरून उड्या मारू लागते. विनागिअरच्या सायकलवर इतकी कडक शिस्त लागत नाही, मात्र तेथे ताण सांभाळावा लागतो. पेडल फिरवून चेन सर्वांत घट्ट होते ती जागा शोधावी, आणि त्या जागी चेनच्या मध्याला बोटाने वरखाली हलवल्यावर एकूण सुमारे १२ मिलिमीटर खेळ राहील असे मागचे चाक सरकवावे. नट दोन्ही बाजूंनी आलटून पालटून आवळावेत, नाही तर चाक तिरपे बसते.

चाकाचा आउट काढणे

आउट काढणे म्हणजे डावीकडे-उजवीकडे झुकणारी रिम सरळ करणे. हे काम अवघड मानले जाते. खरे तर ते फक्त सावकाशीचे आहे. सायकल उलटी उभी करून ब्रेकच्या रबराजवळ रिम कुठे डावीकडे अथवा उजवीकडे झुकते ते खडूने टिपावे. रिम उजवीकडे झुकत असेल तर त्या भागातले, धुऱ्याच्या डाव्या कडेकडे जाणारे स्पोक आवळावेत आणि उजवीकडे जाणारे तेवढेच सैल करावेत. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक फेरीनंतर चाक फिरवून पाहावे. दिशेचा घोळ येथे हमखास होतो: निपल, म्हणजे स्पोकच्या रिमकडच्या टोकाचा लहान नट, टायरच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्याप्रमाणे आवळते, म्हणजे चाकाच्या आतून पाहणाऱ्याला तेच उलटे दिसते. सुरुवात करण्यापूर्वी रिम धरून चाक आडवे हलवून बघावे. खडखड जाणवत असेल तर धुऱ्याचा कोन, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांवर बसणारा शंकूसारखा नट, सैल आहे. तो आधी नीट करावा, कारण हलणाऱ्या धुऱ्यावर रिम सरळ करता येत नाही. आणि रिमला आपटून खळगाच पडला असेल तर स्पोकच्या ताणाने तो निघत नाही.

कामे झाल्यावर साधारण आठवड्याने एक फेरी मारावी. नवी ब्रेकची केबल पहिल्या काही दिवसांत बसते आणि थोडी सैल होते, पेडल आणि चाकाचे नट एकदा चालवल्यावर पुन्हा तपासावे लागतात, बिजागरीचे स्क्रू अर्धा फेरा घेतात, आणि नळाच्या षटकोनी भागाखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर सोडला तर सकाळी तो ओला आहे की कोरडा यावरून जोड धरला की नाही ते कळते.